शेळी द्या, पण तिच्यासोबत दीड वर्षही द्या

प्रति,
वाढदिवसानिमित्त, आईवडिलांच्या स्मरणार्थ किंवा कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून गरीब कुटुंबांना शेळ्या-गाई देणारे सर्व दाते, संस्था आणि मंडळे यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक धाराशिव जिल्ह्यात. गावात मला सगळे डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो. लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, अडलेली शेळी सोडवणं हे माझं काम. आणि कुणी शेळ्या वाटून गेलं की महिना-दोन महिन्यांनी त्या गावात जाऊन उरलेल्या मोजणं, हेही माझ्याकडेच यायचं. हे पत्र त्या मोजणीमुळे लिहितो आहे.

जनावरं देऊ नका, असं मला म्हणायचं नाही. शेळीला गरिबाची गाय का म्हणतात ते मी घरोघरी पाहिलं आहे. जमिनीचा तुकडा नसलेल्या बाईकडे दोन शेळ्या असल्या तर पोराची वह्या-पुस्तकं, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, पावसाळ्याआधी घरावरचा पत्रा, असे खर्च सावकाराचं तोंड न बघता निघतात. म्हणूनच आपण दिलेली शेळी वाया गेली की मला फार लागतं.

एका वर्षीची गोष्ट. मृग सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर ओट्यावर एक बाई बसलेली. पदराखाली कॅरीबॅग. काय आणलं म्हणून विचारलं तर तिने गाठ सोडून पिशवी पुढे केली. आत शेळीचा कापलेला कान होता, विम्याच्या पिवळ्या बिल्ल्यासकट. "बिल्ल्याबिगर इमा न्हाई मिळत म्हनले, म्हनून कान आनलाय," ती म्हणाली. शेळी तीन दिवसांपूर्वी मेली होती आणि घरच्यांनी पुरूनही टाकली होती. शवविच्छेदन नाही, पंचनामा नाही. तो कान घेऊन ती जिथे जाईल तिथून तिला परत पाठवणार हे मला कळत होतं, पण ते तिला कसं सांगावं ते कळत नव्हतं. तिला बिल्ल्याचं सांगितलं होतं, पंचनाम्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

ती शेळी तिला तीन आठवड्यांपूर्वी मिळाली होती. शाळेच्या मैदानावर मांडव, बॅनर, पाहुणे, फोटो असा कार्यक्रम झाला होता. शेळ्या उंच, देखण्या, लांब कानांच्या; परराज्यातून टेम्पोने दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या. मे महिन्याचं ऊन, टेम्पोत दाटीवाटी, वाटेत धड पाणी नाही. निघण्याआधी लस टोचल्याचा कागद कुणाकडे नव्हता. उतरवल्या त्याच दिवशी वाटूनही टाकल्या. आठवड्याभरात नाकं वाहू लागली, तोंडात फोड आले, हगवण लागली. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य रोग. त्यातून वाचल्या त्यातल्या काही पहिल्या पावसानंतरचा कोवळा हिरवा चारा पोटभर खाऊन आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाने, गेल्या. महिन्याअखेर मी मोजायला गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त दावणी रिकाम्या होत्या. आणि ज्यांना कुणीच काही दिलं नव्हतं त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गावठी शेळ्यांनाही तोच रोग लागला. दानाने गावात आलेला रोग दान न मिळालेल्यांच्या घरातही शिरला.

यात कुणाची नियत वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पैसे देणाऱ्यांनी मनापासून दिले होते. पण शेळी हातात दिली की काम झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. काम तिथून सुरू होतं.

ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्यात परराज्यातली शेळी आणायची गरजच नव्हती. काळी, मध्यम बांध्याची, आमच्या उन्हाला आणि बाभळीच्या पाल्याला सरावलेली, बऱ्याचदा जुळी देणारी ही जात. नगर-नाशिककडे संगमनेरी आहे, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ आहे, विदर्भात बेरारी आहे. प्रत्येक भागाने आपापली शेळी शेकडो वर्षांत घडवली आहे. उंच आणि वजनदार शेळी फोटोत शोभते हे खरं, पण तिला लागणारा खुराक आपल्या लाभार्थ्याच्या घरात माणसांनाही मिळत नाही.

आता थोडा हिशोब, कारण माझ्या मते सगळं दुखणं या हिशोबात आहे. शेळी गाभण नसेल तर नव्या दावणीला रुळून माजावर यायला महिना-दोन महिने जातात. गाभणकाळ पाच महिन्यांचा. झालेलं करडू चार पैसे येतील असं विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-दहा महिने. म्हणजे आपण आज शेळी दिलीत तर त्या घरात पहिला रोख रुपया यायला सव्वा ते दीड वर्ष लागणार. तोवर मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला आणि किलोभर वाळला चारा लागतो. गाभण असताना शेवटच्या दीड-दोन महिन्यांत मूठ-दोन मूठ भरडाही लागतो. तो देणार कोण? सकाळी आठला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई, जिची रोजची मजुरी त्याच संध्याकाळी पिठामिठात संपते. शेळीसाठी तिने मजुरी बुडवली तर चूल बंद, आणि नाही बुडवली तर शेळी उपाशी. या दीड वर्षात घरात एखादं आजारपण आलं की शेळी विकली जाते, आणि आपण म्हणतो, बघा, यांना दिलेलं टिकत नाही.

आमच्याकडे त्यात ऊसतोडीची भर. धाराशिव, बीड, लातूरकडची कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता खांद्याला लावून निघतात, ती परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. सप्टेंबरात वाटलेली शेळी ऑक्टोबरात एक तर म्हातारीच्या गळ्यात पडते किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांसोबत चढून साखर कारखान्याच्या अड्ड्यावर जाते. तिथे उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, खाऊन ती जगतेही, पण तिथे तिला लस कोण टोचणार? आपल्या संस्थेच्या वहीत ती दुसऱ्याच तालुक्यात असते.

एवढं सगळं मी अनुभवाने म्हणत होतो. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की हे मोजूनमापून पाहिलेलंही आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम चालवला. जनावर किंवा छोट्या धंद्याचं सामान द्यायचं, सोबत काही महिने घरखर्चाला थोडी रोख मदत, शिकवणी, बचतीची सोय, आरोग्याची काळजी आणि दीड-दोन वर्षं घरी नियमित भेट. हीच पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत १०,००० हून अधिक कुटुंबांमध्ये तपासली गेली. त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष झाल्यावरही ती कुटुंबं एकूण पाहता मदत न मिळालेल्यांपेक्षा बरी खात होती, बरं कमावत होती. आपल्याकडचा प्रयोग पश्चिम बंगालात बंधन या संस्थेने केला होता. तिथे दहा वर्षांनीही फरक टिकून असलेला दिसला. हे अभ्यास करणाऱ्यांत अभिजित विनायक बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

पण मला जी ओळ महत्त्वाची वाटली ती घानाबद्दलची आहे. तिथे काही कुटुंबांना पूर्ण कार्यक्रम दिला आणि काहींना फक्त शेळ्या दिल्या. नुसत्या शेळ्या मिळालेल्यांच्या राहणीमानात टिकाऊ फरक पडला नाही. शेळ्या त्याच, गरिबी तीच. कमी होती ती सोबत.

गाईचं तर आणखी अवघड. २००६ च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यात दुभती जनावरं वाटण्याचाही भाग होता. कोरडवाहू कपाशीच्या मुलखात, जिथे हिरवा चारा मुळात कमी, तिथे संकरित गाय आली. ज्या घरात कर्त्याने आत्महत्या केली होती, तिथल्या बाईवर आता गाईच्या पोटाचीही जबाबदारी पडली. गाय आम्हाला खाते आहे, अशा तक्रारी तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्यात २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्याबद्दल आपलं मत काहीही असो, गाय भाकड झाली किंवा गोऱ्हा झाला तर त्याचा खर्च आता त्या घरावर कायमचा बसतो, हे गाय देण्याआधी मोजावं लागेल. स्वतःचा चारा आणि जवळ दूध संकलन केंद्र नसेल तिथे गाय देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग चांगलं काय दिसलं, तेही सांगतो.

आमच्या भागात शेळी अर्धलीनं द्यायची जुनी रीत आहे. एकीची शेळी, दुसरीने सांभाळायची, होणारी करडं निम्मी-निम्मी. पैसा नसलेल्या बाईला भांडवल मिळतं आणि देणारीचंही लक्ष राहतं, कारण तिची शेळी त्या दावणीला असते. अमेरिकेत डॅन वेस्ट नावाच्या शेतकऱ्याने १९४४ मध्ये पहिल्या १७ कालवडी प्वेर्तो रिकोला पाठवल्या आणि त्यातून हेफर ही जगभर जनावरं देणारी संस्था उभी राहिली. स्पेनच्या युद्धात तो भुकेल्या मुलांना दुधाचे पेले वाटत होता, आणि पेला देण्यापेक्षा गाय द्यावी हे त्याला तिथे सुचलं. मिळालेल्या जनावराची पहिली मादी दुसऱ्या गरजू घराला द्यायची, ही त्यांची अट आहे. ही गोष्ट आमच्या बायकांना सांगितली तर त्या म्हणाल्या, ह्यात नवीन काय, आपली अर्धलच की.

एका गावात बचत गटाच्या अकरा बायकांनी हेच केलं. एका लहान संस्थेने त्यांना पैसे दिले, पण शेळ्या आणून दिल्या नाहीत. बायकांनीच ठरवलं की आधी सहा जणींनी प्रत्येकी दोन घ्यायच्या आणि पहिली पाट, म्हणजे मादी करडू, उरलेल्या पाच जणींना द्यायची. खरेदीला त्यांनी मला सोबत नेलं, पण माझा उपयोग फारसा झाला नाही. आठवडी बाजारात एक साठीची आजी पुढे होती. ती आधी शेळीला हातच लावत नव्हती. लांब उभी राहून शेळी चालते कशी ते बघायची. मग जवळ जाऊन ओठ वर करून दात बघायची. दोन दाती, चार दाती, म्हणजे तरुण, चालेल. पूर्ण जुळलेली, म्हणजे सगळे दात आलेली, वयाची असली की विचारायची, ही विकायला का काढली? मग कासेवरून हात फिरवायची, गाठ आहे का, दोन्ही सड मोकळे आहेत का. शेवटी शेपटी उचलून मागचं अंग कोरडं आहे की हगवणीने माखलेलं, ते बघायची. एका शेळीचा सौदा जवळजवळ झाला होता, टॉवेलाखाली बोटं धरून झाली होती, तेवढ्यात ती शेळी एकदा खोकली. आजीने हात काढून घेतला. "चल," म्हणाली, "ही घरी मरंल." खात्यात सगळं आयुष्य गेलं, पण जनावर पारखायचा असा धडा मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

नंतर दर पंधरा दिवसांनी गावातलीच पशुसखी घरोघर फिरायची. ती दहावी शिकलेली, लस आणि जंतनाशकाचं प्रशिक्षण घेतलेली मुलगी. तिला संस्थेने दीड वर्ष मानधन दिलं. शेळ्यांवर झालेल्या खर्चाच्या तुलनेत ते किरकोळ होतं. ती काय करायची? दावणीखालची जागा ओली आहे का बघायची. पाला जमिनीवर टाकलेला दिसला तर शेवरीची पेंढी दोरीने शेळीच्या तोंडाच्या उंचीला टांगायला लावायची, कारण शेळी तुडवलेला पाला खात नाही आणि निम्मा वाया जातो. मे महिन्यात, पावसाच्या आधी, आंत्रविषाराची लस सगळ्या गावाच्या शेळ्यांना, फक्त गटाच्या नाही. शेळी अडली तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन कसा लावायचा ते तिने बायकांच्या हातून लावून घेतलं, नुसतं सांगितलं नाही. गटाने गावासाठी एक चांगला बोकडही घेतला आणि दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल केली. हे बहुतेक दाते विसरतात. शेळ्या वाटायच्या आणि बोकड नाही, मग बहीण-भाऊ, बाप-लेक असा संकर होऊन करडं खुजी निपजतात.

उरलेल्या पाच जणींपैकी शेवटच्या बाईकडे पाट पोचायला अडीच वर्षं लागली. पण पोचली.

एक गोष्ट मला फार खुपते. दिलेली शेळी तीन वर्षं विकायची नाही, असं हमीपत्र बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात. एका गावात पाहणी करणारा तरुण माझ्यासोबत होता. एका घरी शेळी नव्हती. बाईने सांगितलं, नवऱ्याला साप चावला, रात्रीतून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं, गाडीभाड्याला आणि औषधाला शेळी विकली. नवरा आत खाटेवर बसून होता, जिवंत. त्या तरुणाने त्याच्या मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये 'शेळी नाही' यावर खूण केली आणि त्या कुटुंबाचा शेरा 'अयशस्वी' असा पडला. ती बाई अपराध्यासारखी उभी होती. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, ते आज बोलतो: त्या शेळीने तिचं काम केलं होतं. गरिबाच्या घरात शेळी ही बचत असते आणि बचत संकटातच मोडतात. कृपा करून हमीपत्रात विकायची मोकळीक ठेवा आणि पाहणीत 'शेळी आहे का' याच्याआधी 'शेळीने काय दिलं' हे विचारा.

यंदाच्या वाटपाचं आपलं नियोजन झालं असेल किंवा होत असेल. माझी विनंती एवढीच की पाच शेळ्यांच्या पैशात तीन द्या. उरलेल्या पैशातून त्या गावच्या पशुसखीला दीड वर्षाचं मानधन आणि त्या घराला पहिले काही महिने थोडी रोख मदत द्या, म्हणजे शेळीपायी बाईची मजुरी बुडणार नाही. भूमिहीन बाईला एकदम दहा शेळ्या आणि एक बोकड देऊ नका. गायरानं आकसली आहेत, वनखातं चारू देत नाही, आणि शेळ्या कुणाच्या सोयाबीनमध्ये शिरल्या की भांडण तिच्या दारात येतं. दोन-तीन शेळ्या बांधाच्या पाल्यावर आणि तुरी-हरभऱ्याच्या भुसकटावर निभतात. गोठ्यावर पैसे घालू नका. शेळ्यांचं शेड सरकारी योजनेतून मिळू शकतं, फक्त त्या बाईसोबत ग्रामपंचायतीत चार खेपा घालणारं कुणीतरी हवं. शेळी तिच्याच नावावर करा, नवऱ्याच्या नाही. ती ऊसतोडीला जाणार असेल तर तारीख तिला विचारून ठरवा आणि अड्ड्यावर तिच्या शेळीला लस कोण देणार ते आधीच बोलून ठेवा. बाहेरून आणलेलं जनावर असेलच, तर निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी लस टोचलेली हवी आणि आल्यावर काही दिवस वेगळं बांधायला हवं.

आणि मांडव, बॅनर, फोटोचा कार्यक्रम करायचाच असेल तर शेळी देताना करू नका. पहिली पाट शेजारणीच्या दावणीला जाईल त्या दिवशी या. तेव्हा देणारी तीच बाई असेल, फोटो तिचा काढा.

मी अजून याच तालुक्यात राहतो. आपल्यापैकी कुणी खरेदीला येणार असाल तर बाजाराच्या दिवशी सकाळी सातच्या आत या, आणि ज्यांना शेळ्या द्यायच्या त्या बायकांना सोबत घेऊन या. चांगल्या शेळ्या नऊच्या आत विकल्या जातात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
जिल्हा धाराशिव